पेन्सिल हाती घेऊन वाचलेल्या विज्ञानकथा

"विज्ञानकथा वाचून परीक्षेत गुण मिळत नाहीत, आणि तिच्यातले विज्ञान खरेही नसते. मग मुलांनी ती वाचावी तरी कशाला?" शिक्षकांच्या खोलीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला हा प्रश्न विचारला. प्रश्न रास्त होता. त्या वेळी मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे असे समजावे.

२० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर यांचे पुण्यात निधन झाले. आमच्या आरमोरीत तेव्हा तेंदूपानांचा हंगाम होता. शाळेला सुटी होती आणि माझ्या वर्गातली कितीतरी मुले पहाटेच आईवडिलांबरोबर जंगलात पाने तोडायला जात होती. दुपारी उन्हामुळे घराबाहेर पाऊल टाकवत नव्हते. तेव्हा कपाटातली नारळीकरांची पुस्तके काढली आणि एकामागून एक पुन्हा वाचली. ओघानेच ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांच्याकडे वळलो. ही पुस्तके मी लहानपणी नुसत्या गोष्टी म्हणून वाचली होती. या खेपेस शेजारी कागद आणि पेन्सिल ठेवली. त्या वाचनातून जी मते बनली, ती येथे मांडतो. मते माझी आहेत. विद्यार्थिमित्रांनी ती तपासूनच घ्यावीत.

पक्ष, साध्य आणि सिद्धता

भूमितीतला प्रमेय आपण कसा लिहितो? आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता. पक्षात जे दिलेले असते ते आपण वाद न घालता मान्य करतो. पण एकदा पक्ष मान्य केला की पुढच्या प्रत्येक पायरीला कारण द्यावे लागते. कारण न देता पायरी लिहिली तर शिक्षक लाल रेघ मारतात.

चांगली विज्ञानकथा माझ्या मते याच रीतीने चालते. लेखकाला एक 'समजा' माफ असते. समजा, माणूस अदृश्य झाला. समजा, एक धूमकेतू पृथ्वीवर आदळणार आहे. एवढे आपण मान्य करायचे. त्यापुढे मात्र घटना निसर्गनियमांना आणि माणसांच्या स्वभावाला धरून घडल्या पाहिजेत. अडचण आली की दुसरे 'समजा', तेही पुरले नाही की तिसरे, असे होऊ लागले तर ती परीकथा होते. परीकथेशी माझे भांडण नाही; तिचा आनंद निराळा आहे.

म्हणजे माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. विज्ञानकथेतला पक्ष खरा नसतो. पण सिद्धता खरी असावी लागते, आणि ती खरी आहे की नाही हे तपासण्याचे काम वाचकाचे असते. पेन्सिल लागते ती यासाठी.

तोफेतून चंद्राकडे

व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी १८६५ साली प्रसिद्ध झाली. व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या भा. रा. भागवतांनी मराठीत आणल्या, त्यामुळे आपल्याकडच्या दोन पिढ्यांना तो घरचाच लेखक वाटत आला आहे. या कादंबरीत ९०० फूट लांबीची प्रचंड तोफ जमिनीत ओततात आणि पोकळ गोळ्यात बसून तीन माणसे चंद्राकडे निघतात.

आता नववीत शिकलेले गतीचे समीकरण घ्या. सुरुवातीचा वेग शून्य असेल, तर अंतिम वेगाचा वर्ग म्हणजे त्वरण आणि अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग हवा. तो गोळ्याला तोफेच्या नळीतच, म्हणजे सुमारे २७४ मीटर अंतरात, मिळायला हवा. आकडे घालून पाहा. त्वरण गुरुत्वत्वरणाच्या २२ हजार पटींहून अधिक येते. ४० किलो वस्तुमानाच्या विद्यार्थ्याला त्या क्षणी आपले वजन सुमारे ९०० टन झाल्यासारखे वाटेल. 'वाटेल' हा शब्दही चुकीचाच, कारण वाटून घ्यायला तो उरणार नाही. धक्का सोसावा म्हणून व्हर्नने गोळ्याच्या तळाशी पाण्याची योजना केली आहे. तिचा काही उपयोग झाला नसता.

मग व्हर्न टाकाऊ ठरला का? मुळीच नाही. सुटकेचा वेग त्याने जवळजवळ बरोबर धरला आहे. चंद्र बरोबर डोक्यावर येऊ शकेल अशा अक्षांशावर तोफ हवी, या विचाराने त्याने अमेरिकेतला फ्लोरिडा हा भाग निवडला. १९६९ साली अपोलो ११ मधून तिघे चंद्राकडे निघाले तेही फ्लोरिडातूनच. आणि त्याची चूक आपल्याला शोधता आली, कारण त्याने आकडे दिले. लेखकाने आकडे दिले म्हणजे त्याने वाचकाला बरोबरीचा मानले, असे मला वाटते.

वेल्सच्या १८९७ सालच्या कादंबरीतल्या अदृश्य माणसाकडेही असेच पाहता येते. त्याच्या शरीराचा अपवर्तनांक हवेइतका होतो म्हणून तो दिसेनासा होतो. काचेची कांडी ग्लिसरिनमध्ये बुडवली की ती जवळजवळ नाहीशी होते, हा प्रयोग शाळेत करता येतो; तत्त्व तेच. पण मग त्या माणसाला स्वतःला दिसणार कसे? डोळ्यातल्या भिंगाने प्रकाश वळवायला हवा आणि दृष्टिपटलाने तो शोषून घ्यायला हवा. पूर्ण पारदर्शक डोळा यातले काहीच करणार नाही. वेल्सच्या ध्यानात यातले काही आले असावे. त्याच्या कथेत मांजरावर आधी प्रयोग होतो, तेव्हा मांजर नाहीसे झाले तरी तिच्या डोळ्यांचा मागचा भाग अंधुक दिसत राहतो. दृष्टिपटलाची अडचण अशी थोडी सुटली. भिंगाची तशीच राहिली.

उजवा हात आणि आपला भात

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. पुढे उलगडा झाला की हे जगताप म्हणजेच जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते, आणि अक्षरावरून कोणी ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. नावाला भुलून बक्षीस मिळू नये, कथेची पारख कथा म्हणूनच व्हावी, ही इच्छा मला फार मोलाची वाटते. प्रयोगशाळेतही आपण हेच करतो. कोणत्या बाटलीत काय आहे ते परीक्षकाला आधी सांगत नाही.

त्यांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा मी वर्गात सांगितली. कागदाची पट्टी घेऊन तिला अर्धा पीळ द्यावा आणि टोके चिकटवावीत. अशा पट्टीला एकच बाजू उरते. त्या पट्टीच्या पातळीतच राहणारी आकृती एक फेरी मारून आली तर तिचे डावे-उजवे उलटते. समजा, आपल्या अवकाशातही असा पीळ सापडला, तर त्यातून फिरून आलेल्या माणसाचा उजवा हात डावा होईल. कथेतला पक्ष एवढाच.

मुलांनी पट्ट्या केल्या, पेन्सिलीने रेघा ओढल्या. मग मी विचारले, "हा उलटा झालेला माणूस रात्री जेवायला बसला, तर त्याला आपला भात पचेल का?" आमच्याकडे दोन्ही वेळा भातच असतो, त्यामुळे प्रश्न सर्वांना जिव्हाळ्याचा वाटला.

भातातले पिष्ट हे ग्लुकोजच्या रेणूंची साखळी असते. ग्लुकोजचा रेणूही हातासारखा असतो. त्याची आरशातली प्रतिमा त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही, आणि निसर्गात भेटते ते ग्लुकोज एकाच हाताचे. आपल्या लाळेतले विकर त्याच हाताला बसेल असे हातमोजासारखे घडलेले आहे. उलट्या माणसाचे विकरही उलटे होईल, म्हणजे डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात घालण्यासारखे होईल. पाणी, मीठ आणि प्राणवायू यांना डावे-उजवे नसते, ते त्याला चालतील. पण ताटभर भात खाऊनही तो उपाशी राहील. एका गोष्टीने आम्हाला भूमितीतून रसायनशास्त्रात आणि तेथून जीवशास्त्रात आणून सोडले. पाठ्यपुस्तकात हे तीन विषय तीन वेगळ्या धड्यांत असतात.

लाडबोरीची गोष्ट

आता एक खरी घडलेली गोष्ट. २ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस. वैनगंगेच्या पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी नावाचे गाव आहे. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास गावात सामुदायिक जेवणाची तयारी चालली असताना आकाशातून लालबुंद चकतीसारखे काही तरी आले आणि आवाज होऊन मोकळ्या जागेत पडले. स्फोट होईल या भीतीने लोक घरांत शिरले. नंतर पाहतात तो दोन-तीन मीटर व्यासाचे, ४० किलोहून अधिक वजनाचे धातूचे कडे! परिसरातल्या दुसऱ्या एका गावाजवळ सुमारे अर्धा मीटर व्यासाचा गोळा सापडला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात अनेकांनी ते प्रकाशाचे पट्टे आकाशात पाहिले होते. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी 'लाँग मार्च ३ बी' अग्निबाणाचा तिसरा टप्पा असावा. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञही अवशेषांची पाहणी करायला आले.

एखाद्या लेखकाने ही कथा लिहून पाठवली असती, तर पाडव्याचे जेवण आणि चिनी अग्निबाण यांचा मेळ फार ओढूनताणून घातला आहे, असे म्हणून संपादकांनी ती परत केली असती!

सोमवारी शाळा भरली तेव्हा वर्गात दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे विमान पडले, कोणी म्हणे उल्का, कोणी म्हणे परग्रहावरची तबकडी. एक मुलगा रात्री उन्हाळी धानाची जागल करायला जात असे. तो म्हणाला, "तुटता तारा त पापनी लवतवरी जाते सर. हा त बहुत वेळ दिसला."

त्या मुलाने एकही विज्ञानकथा वाचलेली नव्हती. तरी वर्गातले सर्वांत उत्तम निरीक्षण त्याचे होते. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात आणि बहुतेक क्षणात विझतात. कक्षेतून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर असतो, आणि ती जवळजवळ आडवी येते. म्हणून ती बराच वेळ दिसते, तुटत जाते, आणि तुकडे एकामागे एक जाताना दिसतात. या वेगाने नागपूरहून आरमोरीला यायला वीस सेकंदही पुरावेत. एसटीला तीन तास तरी लागतात. मुलाजवळ निरीक्षण होते, फक्त पुढचा प्रश्न नव्हता. हळू जाते, तर मग ते काय असेल? कोणाचे असेल? आपल्याच गावावर का पडले? पुन्हा पडेल का, आणि पडले तर जबाबदार कोण? हे पुढचे प्रश्न विचारण्याची सवय चांगली विज्ञानकथा लावते, असे माझे मत आहे.

एका मुलीचा आक्षेप

त्या वेळी मी वर्गाला नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा सांगितली. कोलकात्याच्या दत्तबाबूंना एक नवा धूमकेतू सापडतो. पुढे कळते की तो पृथ्वीवर आदळणार आहे. शास्त्रज्ञ अवकाशयान पाठवून अण्वस्त्राच्या धक्क्याने त्याला वाटेवरून ढळवतात. इकडे दत्तबाबूंच्या घरी मात्र संकट टळावे म्हणून यज्ञ होतो, आणि घरच्यांच्या मते संकट त्यानेच टळते. ही शेवटची चपराक मला फार आवडते.

त्याच २०२२ साली, २६ सप्टेंबरला, अमेरिकेच्या 'डार्ट' यानाने डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहाला मुद्दाम धडक दिली. स्फोटके नव्हती, नुसती टक्कर. त्याचा प्रदक्षिणेचा काळ अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला. पेन्सिल घ्या. एखाद्या लघुग्रहाचा वेग सेकंदाला फक्त दोन सेंटिमीटरने बदलला, तर दहा वर्षांत तो किती सरकेल? ढोबळ हिशेबाने सुमारे ६,३०० किलोमीटर, म्हणजे जवळपास पृथ्वीच्या त्रिज्येइतका. प्रत्यक्षात कक्षांचे गणित याहून गुंतागुंतीचे असते, पण मर्म कळायला एवढे पुरे. धक्का लहान चालतो, तो लवकर द्यावा लागतो. कथेतला विचार असा प्रत्यक्षाच्या जवळ आला.

गोष्ट संपल्यावर एका मुलीने हात वर केला. "सर, धूमकेतूला भ्यायला दत्तबाबूंची बायकोच का घेतली? दुर्बीण बाईच्या हातात असती तर काय बिघडलं असतं?"

मी प्रथम लेखकाची बाजू घेतली. जुन्या काळची गोष्ट आहे, तेव्हा घराघरांत असेच होते, वगैरे. घरी येऊन पुन्हा विचार केला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले की आक्षेप बरोबर आहे. धूमकेतूवर येणे हा कथेचा पक्ष होता. 'दुर्बीण पुरुषाची आणि भीती बाईची' हा मात्र पक्ष नव्हता. ती सिद्धतेतली, कारण न देता लिहिलेली पायरी होती. नारळीकरांबद्दल मला नितांत आदर आहे. पण ज्या लेखकाने आपले नाव झाकून कथा परीक्षकांपुढे ठेवली, त्याची कथा तपासूनच वाचणे हा त्याचा मान आहे.

माझी आणखी एक तक्रार आहे. आपल्या पुष्कळशा विज्ञानकथांत कोणी तरी प्राध्यापक उभा राहतो आणि दोन पाने व्याख्यान देतो. कथा तेवढा वेळ थांबून राहते. मुले ती पाने गाळतात, मीही गाळतो. माहिती हवी तर पाठ्यपुस्तक आहेच. कथेत ती माणसांच्या अडचणीतून आली पाहिजे.

आपल्या बांधीतली विज्ञानकथा

सुटीनंतर मी मुलांना विज्ञानकथा लिहायला सांगितल्या. बहुतेक कथा मुंबईत नाही तर मंगळावर घडल्या. त्यांतल्या एकाही नायकाने कधी चिखलात पाय घातला नव्हता, आणि लिहिणारी मुले रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभी राहणारी! याचे मला वाईट वाटले. आपल्या गावात विचार करण्यासारखे काही घडत नाही, ही समजूत मुलांनी कोठून तरी उचलली आहे. लाडबोरीच्या त्या कड्यानेही ती पुसली नाही.

म्हणून येथे दोन 'समजा' देतो. पहिले असे. हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू आहे, पण धानाला तो सरळ घेता येत नाही, म्हणून आपण युरिया टाकतो. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हे काम करतात. तसे धानालाही करता यावे यासाठी शास्त्रज्ञ खटपट करीत आहेत. समजा, ते साधले. युरियाच्या रांगा संपतील, पण पुढे? झाडाची शक्ती नत्र मिळवण्यात खर्च झाली तर दाणा भरेल का? नवे बियाणे कोणाच्या मालकीचे असेल? धान फार पिकला तर भाव राहील का? बांधीतला हा गुण रानगवतात गेला तर निंदण करणारीचे काय?

दुसरे असे. आमच्या भागात अलीकडच्या वर्षांत वाघाच्या हल्ल्यांत अनेकांचे जीव गेले आहेत. २०२१ पासून छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्तीही येऊ लागले. समजा, जंगलातले कॅमेरे वाघ ओळखून गावातल्या प्रत्येक मोबाइलवर सूचना देऊ लागले. अशा यंत्रणांचे प्रयोग आता होऊ लागलेही आहेत. पण मोहफुले वेचायला गेलेल्या आजीजवळ मोबाइल नसेल तर? जंगलात रेंज नसेल तर? तीच सूचना शिकाऱ्याच्या हाती पडली तर? दहा वेळा खोटी सूचना आली आणि अकराव्या वेळी लोक जागचे हललेच नाहीत तर?

यातला एकही प्रश्न मंगळावरचा नाही. तरी यातल्या कोणत्याही एकावर उत्तम विज्ञानकथा होईल, आणि ती मुंबईच्या लेखकापेक्षा आरमोरीच्या, कुरखेड्याच्या किंवा सिंदेवाहीच्या विद्यार्थ्याला अधिक चांगली लिहिता येईल. त्याला बांधी माहीत आहे, जागल माहीत आहे, भीतीही माहीत आहे.

शिक्षकबंधुभगिनींना एकच विनंती. महिन्यातून एक तास एका विज्ञानकथेला द्यावा. कथा वाचावी, फळ्यावर 'पक्ष' लिहावा, आणि पुढची प्रत्येक पायरी मुलांना तपासू द्यावी. लेखक कितीही मोठा असो, चूक सापडली तर ती शोधणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहावे.

माझ्या सहकाऱ्यांना माझे उत्तर एवढेच आहे. विज्ञानकथा वाचून गुण मिळत नाहीत हे खरे. पण पुन्हा एखाद्या संध्याकाळी आकाशातून काही पडले, तर दार लावून घेतल्यावर आतून कोणी तरी विचारील, "ते इतके हळू का आले?" तो प्रश्न आमच्या शाळेतल्या मुलाने किंवा मुलीने विचारावा, एवढीच माझी इच्छा आहे.